चिमणीचा कुकर: एका लठ्ठ लॅब्रॅडॉरच्या घरच्या जेवणाचं प्रकरण

चिमणी ही पाच वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्रॅडॉर कुत्री. आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर वजन भरलं ३७.४ किलो. नाव ठेवलं तेव्हा ती ओंजळीत मावत होती, त्यामुळे नावाबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. तिच्या चणीची कुत्री ३० किलोच्या आसपास असावी. बरगड्या चाचपून बघायला बोटं रुतवावी लागत होती, वरून पाहिलं तर कंबर नावाला नव्हती. बॉडी कंडिशन स्कोअर, म्हणजे बघून-चाचपून ठरवलेला लठ्ठपणाचा अंक, ९ पैकी ८.

घर सांगलीतलं. आजी-आजोबा, नोकरीला जाणारी मुलगा-सून, कॉलेजातली नात आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

वजनाची तक्रार घेऊन हे कुटुंब आलंच नव्हतं. ते आले सत्यनारायणाच्या प्रसादामुळे. पाटावर ठेवलेल्या पातेल्यातला शिरा चिमणीने अर्धाअधिक फस्त केला होता. आजींना काळजी तुपाची आणि साखरेची, मला बेदाण्यांची. बेदाण्यांचं तासगाव हाकेच्या अंतरावर असल्याने आमच्याकडे शिऱ्यात बेदाणे मोजून पडत नाहीत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि अमुक इतक्यांनी काही होत नाही असा भरवशाचा आकडा कुणाकडेच नाही. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यामागे टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्यानुसार ते कमीजास्त असतं, त्यामुळे एखादा कुत्रा मूठभर खाऊन खुशाल राहतो आणि दुसरा थोडक्यात आजारी पडतो, याचा उलगडा होतो. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे भातावर ओतलेली चिंच-गुळाची आमटीही या यादीत येते, आणि तिच्यात वरून कांदा-लसूण असेल तर लाल रक्तपेशींनाही धोका.

तासाभरात आले म्हणून उलटी करवता आली, दोन दिवस सलाइन चालवलं, तिसऱ्या दिवशीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) हेही ठीक आलं. (घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने रक्तातलं सोडियम चढून वेगळंच संकट उभं राहतं.) तो प्रसंग तिथे मिटला. पण सलाइन चालू असताना सूनबाई सहज म्हणाल्या, "डॉक्टर, एरवी आम्ही बाहेरचं काही देत नाही हो. सगळं घरचंच खाते ती." माझ्या लेखी खरं प्रकरण इथून सुरू झालं.

'घरचंच' म्हणजे काय काय

नातीला आठवडाभर वही ठेवायला सांगितली. अट एकच: तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहायची आणि आजोबांना विचारून लिहायची नाही, बघून लिहायची.

एका साध्या दिवसाचा हिशेब असा निघाला. सकाळी पाव लिटर म्हशीच्या दुधात कुस्करलेल्या तीन पोळ्या: दूध २६० कॅलरी, पोळ्या ३३०. आजोबांच्या सकाळ-संध्याकाळच्या फेरीत आणि चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्किटं. आजोबांच्या मते 'दोन-चार', वहीच्या मते बारा, म्हणजे सुमारे २६५. संध्याकाळी २०० ग्रॅम बोनलेस चिकन उकडून, २४० कॅलरी, आणि त्याबरोबर दोन वाट्या भात, ३४०. गोळी खावी म्हणून सुरू झालेला आणि गोळ्या संपल्यावरही चालू राहिलेला चीजचा क्यूब, ६०. रात्री आजींच्या ताटातला दहीभात, १५०. बेरीज १,६५० च्या आसपास.

आता तिची गरज. ३० किलो हे इष्ट वजन धरून त्याचा ०.७५ घात काढायचा आणि ७० ने गुणायचं. उत्तर येतं साधारण ९०० कॅलरी. वजन उतरवायच्या काळात दिवसाचं एकूण खाणं एवढंच. म्हणजे चिमणी जवळपास दुप्पट खात होती, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण तर थोडंसंच देतो. ते खरंही होतं. थोडंसं देणारी माणसं पाच होती.

"पण डॉक्टर, ती मागते हो. भूक लागल्याशिवाय मागेल का?" आजोबांचा हा प्रश्न रास्त होता आणि त्याला सरळ उत्तर आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्याचं मागणं हे भुकेचं माप धरता येत नाही. चिमणीची जनुक तपासणी केलेली नाही. तिच्याकडे पाच मिनिटं बघितलं तर गरजही वाटत नाही.

आणखी दोन तक्रारी वहीतून वर आल्या. शी कायम सैल. आणि कातडीला कोंडा, केस निस्तेज. अंगावरून हात फिरवला की तळहाताला पांढरा भुगा लागायचा. पहिलीचं कारण बहुधा दूध होतं. वाढ झालेल्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं, काहींना पाव लिटर झेपत नाही. दूध थांबवलं आणि आठवड्यात शी बांधून व्हायला लागली.

घरात आनंदीआनंद. सूनबाईंचा फोन: "दुधाचाच दोष होता तर. आता पोळी-दूध बंद, दोन्ही वेळा चिकन-भातच ठेवते."

चिकन-भातातली खोट

इथे थांबवावं लागलं. चिकन-भात हे आपल्याकडे कुत्र्याच्या पथ्याचं दुसरं नाव झालं आहे. पोट बिघडलं की दोन-चार दिवस द्यायला ते उत्तमच. पण वर्षानुवर्षं तेच देणं ही दुसरी गोष्ट. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो. कुत्र्याला हवं असतं कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा त्याहून थोडं जास्त. चिमणीला दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. जुन्या आहारात ते मुश्किलीने अर्धा ग्रॅम होतं आणि त्यातलं बहुतेक दुधातून येत होतं. दूध काढून नुसतं चिकन-भात ठेवलं असतं तर आकडा शंभर मिलिग्रॅमच्याही खाली गेला असता. एक तक्रार जावी म्हणून जी गोष्ट काढली तीच हाडांचा शेवटचा आधार होती.

"पण रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आहे ना?" मुलाने फाइल उघडून दाखवली. होतंच नॉर्मल. ते तसंच राहणार. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते ओढून आणतात आणि पातळी राखतात. मोठ्या कुत्र्यात हा उपसा वर्षानुवर्षं बाहेर दिसत नाही. पिल्लांत मात्र काही आठवड्यांत दिसतो: वाकलेले पाय, पाय टेकताना कळवळणं, साध्या उडीत मोडलेलं हाड. बोनलेस चिकन आणि भातावर प्रेमाने वाढवलेली अशी मोठ्या जातीची पिल्लं आमच्याकडे येत असतात, आणि त्यांच्या घरी पैशाची किंवा मायेची कमतरता कधीच नसते.

मग नातीने नेटवरून एक कृती काढून आणली. चिकन, भात, गाजर, मटार, थोडं खोबरेल तेल. दिसायला सुरेख. कॅल्शियम नाही, जस्त अपुरं, आयोडीन नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या २०० घरगुती कृती तपासल्या होत्या. २०१३ मध्ये निकाल छापून आला: ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता, बहुतेकांत एकाहून जास्त. त्यातल्या बऱ्याच कृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या, हेही सांगायला हवं.

कोंड्याचं मूळही बहुधा याच खोटीत. चिकनच्या छातीच्या मांसात जस्त बेताचं, आणि गव्हातलं फायटेट नावाचं द्रव्य आहे तेही शोषू देत नाही.

कुकर

सूनबाईंची अडचण साधी होती. सकाळी साडेसातला घर सोडायचं असतं. कुत्र्यासाठी वेगळा स्वयंपाक रोज जमणार नाही. तो रोज करायचा नव्हताच. दर तीन दिवसांनी एकदा, पाच लिटरचा कुकर. एका खेपेत तीन दिवसांचं:

बोनलेस चिकन, मांडीचं, कातडी काढून – ९०० ग्रॅम
तांदूळ – १५० ग्रॅम
मूगडाळ – ६० ग्रॅम
लाल भोपळा आणि दुधी किंवा फरसबी – मिळून ६०० ग्रॅम
कोंबडीची कलेजी – ६० ग्रॅम

मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. बुडेल इतपत पाणी, तीन शिट्ट्या, आणि पाणी फेकायचं नाही. छातीऐवजी मांडीचं मांस घेतलं कारण त्यात जस्त जास्त असतं आणि ते स्वस्तही पडतं. कलेजी औषधासारखी, मापातच. जास्त झाली तर 'अ' जीवनसत्त्व साठत जातं. बकऱ्याच्या कलेजीत तांबंही बरंच असतं आणि लॅब्रॅडॉरमध्ये यकृतात तांबं साचण्याचा विकार आढळतो, म्हणून ती इथे टाळली. आजी चिमूटभर हळद घालतात. सांगलीत हळदीला नको म्हणायची माझी प्राज्ञा नाही. चिमटीने बिघडत काही नाही, फार काही साधतही नाही.

गार झाल्यावर सगळं रवीने एकजीव करायचं, किचन काट्यावर एकूण वजन घ्यायचं आणि सहा सारख्या डब्यांत भरायचं. हा वजनाचा काटा ही या प्रकरणातली सर्वांत उपयोगी खरेदी. आजींची वाटी आणि सूनबाईंची वाटी यांत दीडपटीचा फरक होता. दोन दिवसांचे डबे फ्रिजमध्ये, तिसऱ्याचे फ्रीजरमध्ये.

वाढताना पडायच्या गोष्टी वेगळ्या, कारण त्या शिजवायच्या नाहीत. दिवसाला एक चमचा करडईचं तेल, एक फिश ऑइलची कॅप्सूल फोडून, घरच्या अन्नावरच्या कुत्र्यांसाठी मिळणारी जीवनसत्त्वं-खनिजांची पूड वजनाच्या हिशेबाने, आणि अंड्याच्या टरफलाची पूड ३ ग्रॅम. शिवाय एक उकडलेलं अंडं. खनिजांची पूड ऐच्छिक नाही, हे दोनदा सांगावं लागलं. मीठ नको म्हटलं की मिठातलं आयोडीनही जातं. जस्त, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्व या कुकरमधून पुरेसं मिळत नाही.

टरफलाची पूड नातीने हातात घेतली. टरफलं धुऊन, आतला पापुद्रा काढून, पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळायची. पसरून वाळवायची, मग तव्यावर मंद आंचेवर कोरडी भाजायची. बोटांत धरल्यावर कडकन मोडली पाहिजेत. मिक्सरमध्ये फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळायची, वर राहील ते परत मिक्सरमध्ये. बोटांच्या चिमटीत रांगोळीसारखी करकर लागली तर अजून जाड आहे. पिठासारखी गुळगुळीत झाली की काम झालं. एका टरफलातून पाच-सहा ग्रॅम पूड निघते आणि एका ग्रॅममध्ये ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ३ ग्रॅममधून १.१ ग्रॅमहून थोडं जास्त. उरलेलं अन्नातून आणि खनिजांच्या पुडीतून. घरात रोज अंडी असतात, त्यामुळे टरफलांचा खर्च शून्य.

जेवण एकूण ८०० कॅलरींचं. जुन्यातून नव्यावर आठवडाभरात हळूहळू नेलं, आणि उरलेल्या शंभरेक कॅलरी खाऊसाठी राखल्या.

आजोबांचा डबा

खाऊ बंद करा असं मी सांगत नाही. ते कुणी ऐकत नाही आणि मग चोरून दिलं जातं, जे मोजता येत नाही. आजोबांसाठी एक स्टीलची डबी ठरली. सकाळी नात भरणार, दिवसभर त्यातूनच द्यायचं, डबी संपली की खाऊ संपला.

डबीत काय? वेळ नसेल त्या दिवशी गाजराच्या आणि काकडीच्या चकत्या, तुपामिठाशिवाय कोरडे भाजलेले मखाणे. एका ग्लुकोज बिस्किटात बावीस कॅलरी, एका मखाण्यात दोन-तीन. कुत्रं आवाज आणि खेपा मोजतं, आकार नाही. मखाणाही तितकाच कुरकुरीत वाजतो. रविवारी रताळ्याचे पातळ काप एअर फ्रायरमध्ये सुकवून ठेवायचे. उन्हाळ्यात साधं दही पाण्यात फेटून बर्फाच्या साच्यात. चमचाभर दह्याने चिमणीचं पोट बिघडलं नाही, दूध जितकं बाधतं तितकं दही बाधतंच असं नाही.

बिस्किटं हवीच असतील तर नाचणीची: एक वाटी नाचणीचं पीठ, पाव वाटी शिजवून घोटलेला लाल भोपळा, एक अंडं. मळून जाडसर लाटायचं, शेंगदाण्याएवढे चौकोन कापायचे, १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. गूळ नाही, मध नाही, बेकिंग पावडर नाही. शेंगदाण्याचा कूट चमचाभर चालेल, पण बाजारचं पीनट बटर लेबल वाचून. आजोबांना मधुमेह असल्याने घरात शुगर-फ्री वस्तू होत्या; त्यांतल्या कशात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा असेल तर थोड्या मात्रेनेही कुत्र्याची रक्तशर्करा कोसळते आणि यकृत जाऊ शकतं. ते कपाट आधी तपासून घेतलं.

आजोबांचं मन वळवायला कॅलरी कामाला आल्या नाहीत. कामाला आला तो २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. ४८ लॅब्रॅडॉर, पिल्लं असतानाच जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. मरेपर्यंत नोंद ठेवली. कमी खाणाऱ्यांचं मध्य आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. आजोबांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली: "म्हणजे पावणेदोन वर्षं जास्त?"

अडलेला काटा

दोन महिन्यांत वजन ३५.१ वर आलं. आठवड्याला एक टक्क्याच्या आत-बाहेर उतरणं ठीकच. मग काटा हलेना. दिवाळी मधे आली होती म्हणून पहिल्यांदा फराळावर संशय गेला, पण चकल्या संपल्या तरी तेच. थायरॉइड तपासलं, ठीक होतं. वही तपासली, चोख होती. मग दुपारी घरात कोण असतं, असं विचारलं.

मावशी. त्यांनी लपवलं नव्हतं; त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "उरलेली पोळी टाकायची कुठं ओ? अन्न हाय त्ये. आन ते मुकं जनावर दारात बसून बघतंय." रोजच्या दीड-दोन पोळ्या, म्हणजे ९०० च्या वर आणखी दोनशे.

वही काय किंवा कुकर काय, घरातल्या मालकमंडळींना धरून आखला होता आणि चिमणी दिवसाचा बराच वेळ मावशींच्या पायाशी असायची. मावशींना कॅलरीचं गणित सांगण्यात अर्थ नव्हता. न देण्याचा त्रास त्यांनाच सोसायचा होता. त्यांना द्यायला काहीतरी हवं होतं. त्यांनीच सुचवलं की शेवटच्या उंड्याची पुरीएवढी पोळी चिमणीच्या नावाने लाटते, तूप न लावता. ती चाळीस कॅलरींची धरली आणि डबीतून तेवढे मखाणे कमी केले. काटा पुढच्याच महिन्यात हलला.

याच सुमारास नातीने विचारलं, गच्चीवर येणाऱ्या मांजरीला याच कुकरमधलं दिलं तर? कधीमधी चमचाभर, चालेल. रोजचं जेवण म्हणून नाही. मांजर टॉरिन नावाचा आवश्यक घटक स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर हृदयाचा स्नायू ढिला पडतो आणि नजर जाते. मांजरीचा आहार स्वतंत्र बेतावा लागतो.

सहा महिन्यांनी

वजन ३१.९ किलो. शी बांधलेली. कोंडा तिसऱ्या महिन्यापासून कमी होत गेला, आता हाताला लागत नाही. तो जस्ताने गेला, तेलाने गेला की फिश ऑइलने, हे सांगता येणार नाही. सगळं एकदमच बदललं होतं. क्रिएटिनिन, यकृताचे आकडे आणि रक्तगणना ठीक आहेत. हाडांत किती भर पडली हे मोजण्याचं सोपं साधन आमच्याकडे नाही, साध्या एक्स-रेवर बरीच झीज झाल्याशिवाय काही दिसत नाही.

हा कुकर चिमणीच्या मापाचा आहे. पिल्लाला, गाभण कुत्रीला, किडनीच्या किंवा मुतखड्याच्या रुग्णाला तो तसाच देऊ नये. मोठ्या जातीच्या पिल्लाला तर कॅल्शियम जास्त झालेलंही तितकंच बाधतं.

३० किलो गाठल्यावर दर पंधरा दिवसांनी १० टक्के अन्न वाढवत न्यायचं आणि वजन जिथे स्थिर राहील तिथे थांबायचं, असं ठरलं आहे. पूड आणि कॅप्सूलचं माप तेव्हा परत बसवू. आजोबांनी आत्ताच विचारून ठेवलंय की वाढवलेल्या १० टक्क्यांतलं डबीला किती.